‘असे लोक सुधारतच नाहीत’ हे कितपत खरं? समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकारावर उपचार होतात का?

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण सहज म्हणून जातो. एखाद्या निर्घृण गुन्ह्याची बातमी आली की तिच्याखालच्या प्रतिक्रियांमध्येही हाच सूर असतो. विशेष म्हणजे एका आजाराबद्दल खुद्द मानसोपचारतज्ज्ञही कित्येक दशकं जवळपास हेच मानत आले. तो आजार म्हणजे समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार, इंग्रजीत अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर.

या समजाला धक्का देणारा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्या आणि हा विकार असलेल्या ३०० हून जास्त पुरुषांवर तो झाला. वर्षभराच्या गटउपचारांनंतर त्यांच्यातली आक्रमकता उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मी दिसली.

मग इतकी वर्षं आपण चुकीचं मानत होतो का? उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि त्याचा संबंध भारतातल्या न्यायालयांशी आणि बालसुधारगृहांशीही येतो.

आधी शब्द समजून घेऊ

मित्रांच्या पार्टीला दोनदा गेलं नाही की ‘तू फारच अँटिसोशल झालीयस’ असं ऐकावं लागतं. त्या अँटिसोशलचा इथे काही संबंध नाही. एकलकोंडं असणं म्हणजे हा विकार नव्हे. इथे अर्थ आहे समाजाच्या विरोधात जाणं, म्हणजे दुसऱ्यांचे हक्क सतत पायदळी तुडवणं.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निकषांनुसार वारंवार कायदा मोडणं, खोटं बोलून फसवणं, विचार न करता कृती करणं, सतत मारामारी, स्वतःच्या आणि इतरांच्या सुरक्षिततेची बेफिकिरी, नोकरी किंवा पैशांच्या जबाबदाऱ्या टाळत राहणं आणि पश्चात्ताप नसणं, या सातपैकी किमान तीन गोष्टी सातत्याने दिसाव्या लागतात. व्यक्ती १८ वर्षांवरची असावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशा वागण्याची सुरुवात १५ वर्षांच्या आधी झालेली असावी लागते. लहानपणच्या या टप्प्याला कंडक्ट डिसऑर्डर किंवा वर्तन विकार म्हणतात. म्हणजे एका गुन्ह्यावरून, व्हायरल व्हिडिओवरून किंवा टीव्हीवरच्या चर्चेवरून कुणालाही हे निदान चिकटवता येत नाही.

‘सायको’ हा शब्दही इथे दिशाभूल करतो. सायकोपॅथी ही वेगळी आणि जास्त तीव्र कल्पना आहे. ती कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या २० मुद्द्यांच्या चाचणीने मोजतात. समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार असलेले बहुतेक लोक त्या चाचणीत सायकोपॅथ ठरत नाहीत. त्यातले अनेक जण तापट, उतावळे, व्यसनात अडकलेले आणि स्वतःचंच आयुष्य विस्कटून बसलेले असतात. सिनेमातला थंड डोक्याचा, हसत हसत खून करणारा खलनायक डोळ्यांपुढे आणाल, तर या विकाराचं चित्र चुकेल.

एकूण लोकसंख्येत हे प्रमाण साधारण ०.२ ते ३.३ टक्के मानलं जातं आणि पुरुषांमध्ये ते जास्त आहे. तुरुंगात मात्र चित्र पार बदलतं. १२ देशांतली ६२ सर्वेक्षणं एकत्र करून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांमध्ये हा विकार आढळला होता. (निकषांमध्येच ‘कायदा मोडणं’ असेल तर तुरुंगात आकडा फुगणारच, ही टीका रास्त आहे. पण नुसत्या टीकेने तो आकडा शून्यावर येत नाही.)

उपचार होतच नाहीत, हे कुठून आलं?

यामागे एक गाजलेली आणि अंगावर काटा आणणारी घटना आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पेनेटॅंग्विशीन इथे ओक रिज नावाचा कडेकोट बंदोबस्तातला मनोरुग्णालयाचा विभाग होता. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथे हिंसक गुन्हेगारांवर एक प्रयोग चालला. कल्पना अशी होती की माणसाचे सगळे मुखवटे उतरवले की आतला खरा माणूस सापडेल. मग रुग्णांना दिवसचे दिवस नग्न अवस्थेत, खिडकी नसलेल्या एका खोलीत एकत्र कोंडलं जायचं. भिंतीतून आत आलेल्या नळ्यांमधून पातळ अन्न दिलं जायचं. एलएसडीसारखी औषधंही दिली जायची. एकमेकांवर ‘उपचार’ करायचे तेही बहुतांशी रुग्णांनीच.

पुढे १९९२ मध्ये संशोधकांनी या रुग्णांचा माग काढला. जे सायकोपॅथ नव्हते, त्यांच्यात हिंसक गुन्हे कमी झाले होते. पण जे सायकोपॅथ होते, त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी सुटल्यावर पुन्हा हिंसक गुन्हा केला. उपचार न घेता थेट तुरुंगात गेलेल्या त्यांच्यासारख्याच लोकांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून थोडं जास्त होतं. थोडक्यात, उपचारांनी ते आणखी धोकादायक झाल्यासारखे दिसत होते. दुसऱ्याच्या भावना ओळखण्याचं शिक्षण त्यांनी लोकांना वापरून घेण्यासाठी वापरलं असावं, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला.

हा निष्कर्ष वणव्यासारखा पसरला. ‘यांना थेरपी द्याल तर ते फक्त जास्त हुशार गुन्हेगार होतील’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांपासून तुरुंगाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलं. पण उपचार म्हणून नेमकं काय दिलं गेलं होतं, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला. तिथल्या माजी रुग्णांनी पुढे न्यायालयात धाव घेतली आणि २०१७ मध्ये ओंटारियोच्या न्यायालयाने त्यातल्या पद्धतींना छळ म्हटलं. छळाचा निकाल वाईट लागला, यावरून उपचारांचा निकाल कसा काढायचा?

‘उपचार नाहीत’ म्हटल्याने काय होतं?

हा वाद पुस्तकी नाही. १९९६ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात एक आई आणि तिची सहा वर्षांची मुलगी यांची हत्या झाली. ज्याला दोषी ठरवलं गेलं, तो मानसोपचार यंत्रणेला आधीपासून माहीत होता. (आपण निर्दोष आहोत, असं तो आजही म्हणतो.) तेव्हाच्या कायद्यात एक मेख होती. उपचारांनी फायदा होण्याची शक्यता असेल, तरच अशा विकाराच्या माणसाला सक्तीने रुग्णालयात ठेवता येत असे. ‘हा विकार बरा होत नाही’ असं डॉक्टरांनी म्हटलं की रुग्णालयाची जबाबदारी संपली.

या घटनेनंतर ब्रिटनमध्ये मोठं राजकीय वादळ उठलं. सरकारने अतिधोकादायक गुन्हेगारांसाठी तुरुंगांत आणि रुग्णालयांत खास विभाग उभारले, त्यावर प्रचंड खर्च केला, आणि २०११ नंतर ते गुंडाळून खर्च जास्त लोकांपर्यंत पोहोचेल अशी वेगळी व्यवस्था आणली. २००७ मध्ये कायद्यातली ती अटही बदलली. २००९ मध्ये आरोग्यसेवेसाठी निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने सरळ लिहिलं की, या निदानामुळे किंवा गुन्ह्यांच्या इतिहासामुळे कुणालाही आरोग्यसेवेतून वगळू नये. असं लिहावं लागलं, यातच तोवर काय होत होतं ते कळतं.

मग उपचार म्हणजे नेमकं काय?

गोळ्यांचा मुद्दा लवकर संपतो. या विकारावर मान्यताप्राप्त औषध नाही. ‘नाइस’च्या सूचनेनुसार केवळ या विकारासाठी औषधं नेहमीसारखी देऊ नयेत. सोबत नैराश्य, चिंता किंवा व्यसन असेल तर त्यावर जरूर द्यावीत. आणि ते बऱ्याचदा असतं.

उरतात ती मानसिक उपचारांची तंत्रं. ‘नाइस’ने गटात चालणाऱ्या, विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या पद्धती सुचवल्या. राग येणं आणि हात उचलला जाणं यात काही सेकंदांचं अंतर कसं निर्माण करायचं, याचा तो सराव असतो. पण पुरावा किती भक्कम आहे? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०२० चा आढावा वाचला तर निराशाच होते. त्यांना १९ अभ्यास सापडले. त्यांपैकी या विकाराबद्दलची वापरता येईल अशी माहिती १० अभ्यासांत मिळाली आणि त्यातली माणसं होती एकूण ६०५. समाजविरोधी वागणं बदलल्याचा ठोस पुरावा एकाही पद्धतीकडे नव्हता.

६०५! तुरुंगांतल्या जवळपास निम्म्या पुरुषांना असू शकणारा हा विकार, आणि जगभरातून एवढीच माणसं. उपचार चालत नाहीत हे सिद्ध झालेलं नाही. ते पुरेसे करूनच पाहिलेले नाहीत, असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल. अर्थात त्यालाही कारण आहे. हे रुग्ण स्वतःहून येत नाहीत. न्यायालयाने पाठवलं, बायकोने घर सोडण्याची धमकी दिली किंवा दारू सोडवायची म्हणून येतात, आणि मध्येच गायब होतात. समोर बसलेला माणूस खरं बोलतोय की सुटकेसाठी नाटक करतोय, ही शंका उपचार करणाऱ्याची पाठ सोडत नाही. शिवाय ज्यांनी इतरांना त्रास दिला त्यांच्यावर पैसे खर्च करा, असं सांगून कोणताही राजकारणी मतं मागत नाही.

२०२५ च्या अभ्यासात काय केलं?

या पार्श्वभूमीवर तो ब्रिटिश अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यात वापरलेल्या पद्धतीचं नाव मेंटलायझेशन बेस्ड ट्रीटमेंट. पीटर फोनागी आणि अँथनी बेटमन यांनी ती आधी बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी विकसित केली होती.

कल्पना सोपी आहे. स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज आपण दिवसभर बांधत असतो. समजा, नाक्यावर कुणीतरी सहज वळून पाहिलं. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. पण एखाद्याला त्याच क्षणी खात्री पटते की ‘हा मला कमी लेखतोय’. ही शंका नसते, खात्रीच असते. मग ‘काय बघतो रे?’ आणि पुढच्या सेकंदाला हाणामारी. त्या खात्रीला थोडी भेग पाडायची, दुसरी काही शक्यता असू शकते का हे विचारायची सवय लावायची, असं हे काम आहे.

ते गटात केलं जातं. दर आठवड्याला एक बैठक, महिन्यातून एकदा वैयक्तिक भेट, आणि हे वर्षभर. गट का? कारण हे पुरुष डॉक्टरचं ऐकत नाहीत, पण आपल्यासारखंच आयुष्य काढलेल्या माणसाचं ऐकतात. त्यांच्यातली मान-अपमानाची, ‘कोण वरचढ’ची स्पर्धा गटातच उघडी पडते आणि मग त्यावरच बोलता येतं. पश्चात्ताप कर, रड, असा आग्रह नसतो. ओक रिजच्या अगदी उलट.

सहभागी पुरुष प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एकाला नेहमीची देखरेख, दुसऱ्याला देखरेख आणि शिवाय उपचार. वर्षअखेरीस आक्रमकतेच्या गुणांमध्ये मोठा फरक दिसला.

इथे टाळ्या वाजवण्याआधी थांबायला हवं. आक्रमकता मोजली गेली ती मुख्यतः त्या पुरुषांच्याच मुलाखतींमधून. दुसऱ्या गटाला कोणताही पर्यायी उपचार नव्हता, त्यामुळे फरक या पद्धतीचा की कुणीतरी वर्षभर लक्ष दिल्याचा, हे सुटं करून सांगता येत नाही. स्त्रिया अभ्यासात नव्हत्याच. आणि सहानुभूती निर्माण झाली, व्यक्तिमत्त्व पालटलं असा हा दावा नाही. मारहाण आणि संताप कमी झाला, एवढंच. पण ज्यांच्या अंगावर तो हात पडतो, त्यांच्यासाठी ‘एवढंच’ खूप असतं.

वय जितकं कमी तितकं बरं?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी १९६६ मध्ये सेंट लुइसमधल्या बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा त्यांच्या मोठेपणापर्यंत पाठपुरावा करून जे मांडलं, ते आजही टिकून आहे. समाजविरोधी वागणाऱ्या प्रौढांचं बालपण जवळपास नेहमी तसंच असतं. पण तसं बालपण असलेली बहुतेक मुलं मोठेपणी तशी होत नाहीत. म्हणजे ‘पाळण्यात पाय दिसतात’ हे अर्धंच खरं.

किशोरवयातल्या सर्वांत अवघड मुलांबाबतचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं आहे. मॅडिसन इथे १९९५ मध्ये मेंडोटा किशोर उपचार केंद्र सुरू झालं. इतर सुधारगृहांनी हात टेकलेली मुलं इथे येतात. त्यांचा तर्क असा की मुलगा अंगावर येतो, त्याला शिक्षा होते, तो आणखी चवताळतो, शिक्षा वाढते, आणि शेवटी त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरतच नाही. शिक्षेची भीती या मुलांवर फार चालत नाही, पण बक्षीस चालतं. म्हणून रोजच्या वागणुकीला गुण आणि चांगल्या दिवसाला लगेच दुसऱ्या दिवशी सवलत. आज बिघडलं तर उद्या पाटी पुन्हा कोरी.

संशोधक मायकल कॉल्डवेल यांच्या अभ्यासात, तिथे उपचार घेतलेल्या मुलांनी पुढे हिंसक गुन्हा करण्याची शक्यता तुलनेतल्या मुलांच्या निम्मी होती. त्या दुसऱ्या गटातल्या मुलांच्या हातून पुढच्या काही वर्षांत १६ माणसं मारली गेली. उपचार घेतलेल्या गटाकडून एकही नाही. खाटेमागे खर्च जास्त, पण खटले आणि तुरुंगवासावर वाचलेला पैसा त्या जादा खर्चाच्या सातपटीहून अधिक, असा हिशोबही मांडला गेला. मात्र इथे मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

लवकर उपचार म्हणजे हमखास यश असंही नाही. कुटुंबासह घरी जाऊन काम करणाऱ्या मल्टिसिस्टेमिक थेरपीचा बराच गाजावाजा झाला होता. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर तिची चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत ती नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही.

भारताचा संबंध कुठे येतो?

आपल्याकडे हा प्रश्न दवाखान्यापेक्षा कोर्टात जास्त विचारला जातो, फक्त वेगळ्या शब्दांत.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळ त्याच्या मानसिक क्षमतेचं प्राथमिक मूल्यांकन करतं आणि त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का ते ठरवतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. प्रौढ म्हणून दोषी ठरला तरी २१ व्या वर्षापर्यंत तो सुरक्षित ठिकाणी राहतो. मग न्यायालय पाहतं की तो सुधारला का. सुधारला असेल तर सुटका, नाहीतर तुरुंग. कायद्यात त्याच्यासाठी वैयक्तिक पुनर्वसन आराखडाही आहे.

कागदावर हे मेंडोटाच्या फार दूर नाही. पण परीक्षा २१ व्या वर्षी घ्यायची, तर मधली वर्षं शिकवायला कुणीतरी हवं. देशात एक लाख लोकांमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ नाही, आकडा ०.७५ च्या आसपास आहे. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि त्यांच्यापुढे तीव्र मानसिक आजारांचीच रांग आहे.

फाशीच्या प्रकरणांत हाच मुद्दा जीवन-मरणाचा होतो. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून आरोपी सुधारण्याची शक्यता तपासणं अपेक्षित आहे. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी मानसशास्त्रीय अहवाल मागवायला सांगितलं. आता कल्पना करा, अशा अहवालात हे निदान लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याच्या मनात ‘हा विकार बरा होत नाही’ हे पक्कं असेल, तर एका माणसाला वाचवण्यासाठी मागवलेला कागद त्याच्याच विरोधात वाचला जाऊ शकतो. विज्ञान मात्र असं काही ठामपणे सांगत नाही. उलट या विकाराची तीव्रता चाळिशीच्या आसपास अनेकांमध्ये आपोआप ओसरते, हे बरंच जुनं निरीक्षण आहे.

‘आपल्याकडे तुरुंगात विपश्यना आहेच की’, असं कुणी म्हणेल. १९९४ मध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना एक हजारांहून जास्त कैद्यांचं शिबिर झालं होतं. अशा शिबिरांनी कैद्यांना शांतता मिळत असेल, पण ती या विकारासाठी आखलेली नाहीत. दहा दिवसांचं मौन आणि वर्षभर दर आठवड्याला एकमेकांशी बोलणं, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रोबेशनचा कायदा मात्र आपल्याकडे १९५८ पासून आहे. त्याखाली परिवीक्षा अधिकारी असतात, आणि ब्रिटिश प्रयोग नेमका अशाच व्यवस्थेच्या आधाराने झाला.

आणि असा माणूस घरातच असेल तर?

हा प्रश्न वाचकांपैकी काहींच्या मनात सुरुवातीपासून असेल. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात दंडाधिकारी दोघांना एकत्र किंवा वेगवेगळं समुपदेशन घ्यायला सांगू शकतात. नातेवाईकही ‘दोन बैठका करून बघा, सुधारेल’ म्हणतात. वर पाहिलं त्याप्रमाणे, जिथे फरक दिसला तिथे वर्षभर, प्रशिक्षित लोकांनी, हिंसा करणाऱ्यांच्या स्वतंत्र गटात काम केलं होतं. मार खाणाऱ्या बायकोला शेजारच्या खुर्चीत बसवून तासाभरात हे होत नाही. तिथे ती जे बोलेल, त्याचा हिशोब घरी चुकता होण्याची भीती असते. म्हणून आधी सुरक्षितता, मग त्याचे उपचार, आणि ते स्वतंत्रपणे. त्याच्या सुधारण्याची वाट पाहत घरात थांबणं हा उपचाराचा भाग नाही.

निदानाचा शिक्का घरच्यांनी मारू नये, ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे. प्रत्यक्षात पहिलं दार बहुतेकदा व्यसनमुक्ती उपचारांचं असतं, कारण दारू किंवा ड्रग्जसाठी माणूस यायला तुलनेने तयार होतो. मूल जनावरांना किंवा लहान मुलांना मुद्दाम इजा करत असेल, चोऱ्या, जाळपोळ, घरातून पळून जाणं वारंवार होत असेल, तर ‘वयात आला की सुधारेल’ म्हणून थांबू नका आणि पट्ट्याने झोडपूही नका. बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१.